फ्रस्ट्रेट झालेले चुंबक आणि मुंबईतलं १९६९ साल

बारावीचा निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. मी पुण्यात ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये होतो. काका एरवी फोनवर पाऊसपाण्याचं बोलतात. त्या दिवशी थेट मुद्द्यावर आले.

"तुझी बहीण म्हणती, इंजिनिअरिंगचा फॉर्मच भरायचा नाही. फिजिक्समध्ये बीएस्सी करायची म्हणती. तू शनिवारी ये आणि तिला समजावून सांग. तुझं ऐकती ती."

आमच्या घरातला पहिला इंजिनिअर मी. त्यामुळे अशा समजावण्या माझ्या वाट्याला येतात. शनिवारी देवळाली प्रवरात पोचलो. घरी माळ्यावरचं सामान काढणं चाललं होतं, कारण पत्रे बदलायचे होते. त्या पसाऱ्यात आजोबांचा रेडिओ निघाला. याच्यावर ते सकाळी आकाशवाणी पुणे केंद्राच्या बातम्या लावायचे आणि बातम्या संपेपर्यंत घरात कुणी बोलायचं नाही. मागचं झाकण आधीच निघालेलं होतं. आतून पेन्सिलीएवढी एक काळी सळई बाहेर आली. तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली होती. मी ती हातात घेतली, ती फरशीवर पडली आणि खडूसारखी दोन तुकडे झाली.

"दादा, हे लोखंड आहे ना? मग काचेसारखं कसं तुटलं?" बहिणीने विचारलं.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर. ही फेराइटची सळई आहे, मध्यम लहरींचा अँटेना म्हणून वापरतात, एवढं मला माहीत होतं. ते सांगितलं. तिने पुढचा प्रश्न विचारला. "म्हणजे चुंबकच ना? मग आतमध्ये सगळे अणू एकाच दिशेला तोंड करून असतील?"

मी "हो" म्हणालो. ते उत्तर चूक होतं. ते किती चूक होतं हे शोधता शोधता मी ज्या गोष्टीपाशी पोचलो, ती मुंबईत घडलेली आहे आणि तिची दोन टोकं एकाच वर्षात, १९६९ मध्ये आहेत. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत ती मला कुणी सांगितली नव्हती. खरं सांगायचं तर मीही विचारली नव्हती.

तीन मोटारी, दोन पाळ्या

"जाम फ्रस्ट्रेशन आलंय" हे वाक्य आपण आठवड्यातून दोनदा तरी बोलतो. भौतिकशास्त्रात चुंबकांनाही फ्रस्ट्रेशन येतं, आणि तिथे हा शब्द चेष्टेत वापरलेला नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ झेरार तुलूझ यांनी १९७७ मध्ये तो रूढ केला. मराठीत 'वैफल्य' असा प्रतिशब्द देता येईल, पण मला 'कोंडी' जास्त जवळचा वाटतो. प्रत्येकाला आपापल्या शेजाऱ्याशी जुळवून घ्यायचं असतं, नियमही सोपा असतो, तरीही सगळ्यांचं एकदम जुळत नाही, अशी कोंडी.

आमच्या वस्तीवरचं उदाहरण सांगतो. एका डीपीवर तिघांच्या मोटारी आहेत. लाईट आठ तास. दोन मोटारी एकदम चालल्या की व्होल्टेज पडतं. म्हणून प्रत्येकाला वाटतं, शेजाऱ्याची मोटार पहिल्या चार तासांत चालत असेल तर आपली नंतरच्या चार तासांत चालावी. दोघेच असते तर काही अडचण नव्हती. एक पहिल्या पाळीत, दुसरा दुसऱ्या. पण तिसरा कुठे जाणार? तो कोणतीही पाळी घेवो, कुणा एकाशी त्याची गाठ पडणारच. यात कुणाचा स्वभाव वाईट नाही. तीन माणसं आणि दोन पाळ्या, हा हिशेबच जुळत नाही.

आता मोटारींच्या जागी अणू ठेवा. काही अणू म्हणजे छोट्या होकायंत्राच्या सुया असतात. या गुणाला स्पिन म्हणतात. साध्या लोहचुंबकात शेजारच्या सुयांना एकाच दिशेला तोंड करायचं असतं, त्यामुळे भांडण नाही. पण पुष्कळ पदार्थांत शेजारच्या सुयांना एकमेकींच्या उलट तोंड करायचं असतं. एक वर, एक खाली. अशा पदार्थांना प्रतिलोहचुंबक म्हणतात. अणू चौकोनी जाळीत असतील तर बुद्धिबळाच्या पटासारखं वर-खाली-वर-खाली सहज जमतं. त्रिकोणात बसले की कोंडी. दोन उलट झाले की तिसऱ्याला जागाच उरत नाही.

मग निसर्ग काय करतो? सुयांना फक्त वर किंवा खाली एवढीच मुभा असेल, तर एका त्रिकोणात आठ शक्यतांपैकी सहा सारख्याच चांगल्या ठरतात. म्हणजे सर्वांत चांगली अशी एक मांडणी उरतच नाही. ग्रेगरी वानिए यांनी १९५० मध्ये गणिताने दाखवलं की अशा त्रिकोणी जाळीत तापमान शून्यापर्यंत उतरवलं तरी गोंधळ शिल्लक राहतो. सुयांना कुठल्याही कोनात वळता येत असेल, तर मात्र तिघी एकमेकींपासून १२० अंशांवर उभ्या राहतात. पूर्ण समाधान कुणालाच नाही, पण तिघींची तक्रार सारखीच.

१९५२ मध्ये याफेत आणि किटेल या दोघांनी हाच विचार फेराइटला लावला. फेराइटमधल्या सुया सरळ रेषेत नसून काही वेळा कोन करून तिरक्या उभ्या असाव्यात, असं त्यांनी कागदावर मांडलं. आजोबांच्या सळईत प्रत्यक्ष काय असतं, याचं उत्तर त्या कागदात अर्धं होतं. उरलेलं अर्धं प्रयोगाने द्यायचं होतं.

ट्रॉम्बे: सळईच्या आत

फेराइट म्हणजे लोखंडाचं एक ऑक्साइड, त्यात निकेल, जस्त, मँगनीज असे धातू मिसळलेले. भट्टीत भाजून केलेलं असतं, म्हणून ते मडक्यासारखं तुटतं. रेडिओच्या सळया, ट्रान्सफॉर्मरचे गाभे, चार्जरच्या वायरवरची ती जाड गाठ, सगळीकडे फेराइट आहे. टीआयएफआरमध्ये बांधलेला टिफ्रॅक हा भारतीय बनावटीचा संगणक १९६० मध्ये सुरू झाला. त्याची मेमरीही फेराइटच्या बारीक कड्यांची होती. ४० बिटचे २०४८ शब्द, म्हणजे जेमतेम १० केबी. आज व्हॉट्सॲपवरचा 'गुड मॉर्निंग'चा एक फोटोही त्यात मावणार नाही.

या फेराइटची एक गंमत त्या काळातही माहीत होती. निकेल फेराइटमध्ये जस्त मिसळलं की त्याचं चुंबकत्व वाढतं. जस्त स्वतः अजिबात चुंबकीय नाही, तरीही वाढतं. आणि साधारण अर्ध्याच्या पुढे जस्त घातलं की ते घसरायला लागतं.

पहिला भाग समजायला सोपा आहे. फेराइटच्या स्फटिकात अणूंना बसायला दोन प्रकारच्या जागा असतात. त्यांना अ आणि ब म्हणू. एका अ मागे दोन ब. अ मधल्या सुया ब च्या उलट दिशेला असतात आणि आपल्याला बाहेर जाणवतं ते या दोहोंमधली वजाबाकी. हे स्पष्टीकरण लुई नील यांचं, १९४८ सालचं. जस्ताला अ ची जागा आवडते. ते तिथे जाऊन बसतं आणि तिथल्या लोखंडाला ब मध्ये ढकलतं. वजा होणारी बाजू कमी झाली, म्हणून वजाबाकीचं उत्तर मोठं झालं.

मग पुढे घसरण का? इथे कोंडी येते. ब च्या जागा चौफलकांच्या जाळीत असतात. चौफलक म्हणजे चार त्रिकोणी बाजूंचा पिरॅमिड. ब मधल्या सुयांनाही एकमेकींच्या उलट तोंड करायचं असतं, पण त्रिकोणात ते जमत नाही. जोपर्यंत अ मधली लोखंडं बळकट असतात, तोपर्यंत ती ब मधल्या सगळ्या सुयांना धाक दाखवून एका ओळीत ठेवतात. अ मध्ये जस्त भरत गेलं की धाक संपतो आणि ब मधलं दबलेलं भांडण वर येतं. सुया तिरक्या होतात. निदान याफेत-किटेल तसं म्हणत होते.

हे बघायचं कसं? क्ष-किरण अणू कुठे बसलेत ते सांगतात, पण त्यांच्या सुया कुठे वळल्यात ते सहजासहजी सांगत नाहीत. त्यासाठी न्यूट्रॉन लागतो. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो, त्यामुळे तो पदार्थात खोलवर शिरतो. आणि तो स्वतः एक बारीकशी चुंबकसुई असल्यामुळे वाटेतल्या सुयांना बघून वळतो. न्यूट्रॉन कोणत्या कोनात किती विखुरले ते मोजायचं आणि त्यावरून आतली मांडणी ताडायची. ही पद्धत अमेरिकेत क्लिफर्ड शल यांनी आणि कॅनडात बर्ट्रम ब्रॉकहाउस यांनी उभी केली. दोघांना १९९४ मध्ये नोबेल मिळालं.

न्यूट्रॉन मिळतात अणुभट्टीत, आणि मुंबईत अणुभट्टी होती. ४ ऑगस्ट १९५६ ला ट्रॉम्बेत अप्सरा सुरू झाली, आशियातली पहिली. १९६० मध्ये कॅनडाच्या मदतीने ४० मेगावॉटची सायरस आली. दरम्यान पी. के. अय्यंगार नावाचा तरुण कॅनडातल्या चॉक रिव्हर इथे ब्रॉकहाउस यांच्या हाताखाली काम करून परतला होता. पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले ते हेच. आपल्याकडे अय्यंगार म्हटलं की १९७४ चं पोखरण आठवतं. पण त्यांची सुरुवात न्यूट्रॉन घेऊन स्फटिकांत डोकावण्यापासून झाली. त्यांच्या आणि एन. एस. सत्यमूर्ती यांच्यासारख्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने ट्रॉम्बेत न्यूट्रॉन विकिरणाचा गट उभा राहिला.

१९६९ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू' या नियतकालिकात पाच जणांचा एक निबंध आला. सत्यमूर्ती, नातेरा, युसेफ, बेगम आणि श्रीवास्तव. यातले श्रीवास्तव पवईच्या आयआयटीचे. निबंधाचा विषय: जस्त-निकेल फेराइटमधले याफेत-किटेल कोन. त्यांनी जस्ताचं प्रमाण पायरीपायरीने वाढवलेले नमुने घेतले. अजिबात नाही, पाव, अर्धं, पाऊण. प्रत्येकावर न्यूट्रॉन सोडले. जस्त वाढेल तसा ब मधल्या सुयांचा कोन वाढत जाताना दिसला. ती रेषा पुढे वाढवली तर शुद्ध जस्त फेराइटला ती ९० अंशांवर पोचत होती. ९० अंश म्हणजे ब मधली अर्धी फौज एका बाजूला, अर्धी बरोबर उलट, आणि बेरीज शून्य. चुंबकत्व घसरतं ते अणू दुबळे झाल्यामुळे नाही, ते तिरके झाल्यामुळे.

आमच्या घरातली सळई निकेल-जस्ताची आहे की मँगनीज-जस्ताची, ते मला तिच्याकडे बघून सांगता येणार नाही. रेडिओसाठी दोन्ही वापरतात. पण बहिणीला दिलेलं माझं "हो" चूक होतं, एवढं नक्की. सगळे अणू एकाच दिशेला तोंड करून बसलेले नसतात. अ आणि ब तर समोरासमोरच उभे असतात, आणि जस्त पुरेसं असेल तर ब मध्येही आपापसात कोन असतो.

कुलाबा: एक साखळी, दोन उत्तरं

ट्रॉम्बेपासून वीसेक किलोमीटरवर, कुलाब्याच्या टोकाला, समुद्रालगत टीआयएफआरची इमारत आहे. त्याच १९६९ साली तिथल्या दोघांनी 'जर्नल ऑफ मॅथेमॅटिकल फिजिक्स'मध्ये लागोपाठ दोन निबंध छापले. चंचल कुमार मजुमदार आणि दीपन घोष. मजुमदार मूळचे कोलकात्याचे. अमेरिकेत वॉल्टर कोह्न यांच्याकडे पीएच.डी. करून ते मुंबईत आले होते. त्यांच्याकडे ना अणुभट्टी, ना स्फटिक. त्यांचा प्रश्न कागदावरचा होता.

अणूंची एक सरळ साखळी घ्या. प्रत्येकाला आपल्या शेजाऱ्याच्या उलट व्हायचंय. एवढंच असेल तर भांडण नाही. आता एक अट वाढवा. प्रत्येकाला एक सोडून पुढच्याच्याही उलट व्हायचंय, फक्त त्याचा जोर कमी. बघा, पुन्हा त्रिकोण झाला: पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा आणि पहिला-तिसरा. सरळ रेषेतली कोंडी. शिवाय या सुया क्वांटम नियम पाळणाऱ्या, त्यामुळे हिशेब आणखी अवघड. मजुमदार-घोष यांनी आधी आठ अणूंपर्यंतच्या छोट्या साखळ्या सोडवल्या.

आठच का, हे कोडिंग करणाऱ्याला लगेच कळेल. प्रत्येक अणूच्या दोन शक्यता, म्हणजे आठ अणूंच्या २५६. दहाच्या १,०२४. चाळीस अणू घेतले की आकडा एक लाख कोटींच्या वर जातो. आजही नुसती ताकद लावून हा प्रश्न फार पुढे नेता येत नाही. नेमकं उत्तर हवं तर काहीतरी सुचावं लागतं.

त्यांना सापडलं ते असं. दूरच्या शेजाऱ्याचा जोर जवळच्याच्या बरोबर निम्मा असेल, तर साखळीचं अगदी अचूक उत्तर लिहिता येतं, साखळी कितीही लांब असली तरी. आणि उत्तर इतकं सोपं की ते वाचून मी हसलो. पहिला-दुसरा जोडी करतात, तिसरा-चौथा जोडी करतात, पाचवा-सहावा जोडी करतात. जोडीतले दोघे पूर्णपणे एकमेकांच्या उलट असतात आणि बाहेरच्या कुणाशी त्यांचा संबंध उरत नाही. साखळीतले कुठलेही सलग तीन अणू घ्या, त्यांत एक पूर्ण जोडी असतेच. तिघांच्या गटात दोघांचं जमलेलं असलं की त्या गटाची ऊर्जा जितकी कमी होऊ शकते तितकी झालेली असते. प्रत्येक त्रिकोण आपापल्या परीने तळाशी पोचतो, म्हणून अख्खी साखळीही तळाशी. हीच गोष्ट दुसरा-तिसरा, चौथा-पाचवा अशा जोड्या लावूनही होते. म्हणून उत्तरं दोन, आणि दोन्ही बरोबर.

आज जगभर हे 'मजुमदार-घोष प्रतिमान' म्हणून शिकवलं जातं. क्वांटम चुंबकांची अचूक सुटलेली उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, त्यांत हे एक. पुढे १९८७ मध्ये ॲफ्लेक, केनेडी, लीब आणि तासाकी यांनी जी प्रसिद्ध साखळी मांडली, तिच्यामागेही जोड्या लावण्याची हीच कल्पना आहे. मजुमदारांना १९७६ मध्ये भटनागर पुरस्कार मिळाला. नंतर ते कोलकात्याच्या सत्येंद्रनाथ बोस केंद्राचे पहिले संचालक झाले. २००० साली ते गेले.

दीपन घोष पुढे पवईच्या आयआयटीत प्राध्यापक झाले. हे वाचल्यावर मी फोन बाजूला ठेवला. थर्ड इयरला इलेक्ट्रोमॅग्नेटिक्सचा पेपर माझ्या डोक्यावरून जात होता. तेव्हा एनपीटेलवर आयआयटी मुंबईच्या प्रा. डी. के. घोष यांची व्याख्यानं मी रात्री दीडपट वेगाने बघितली होती. पेपर सुटला. मोबाइलच्या त्या चौकोनात फळ्यापाशी उभा असलेला माणूस १९६९ सालचा घोष आहे, हे मला माहीत नव्हतं. मी परीक्षेपुरतं ऐकलं आणि टॅब बंद केला.

बाहेरून जोर लावल्यावर

आता दुसरा प्रश्न. अशा कोंडीत अडकलेल्या चुंबकावर बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावलं तर?

डीपीच्या उदाहरणात सांगायचं तर हा वरून आलेला आदेश: सगळ्यांनी पहिल्याच पाळीत चालवा. साध्या चुंबकात आदेश जितका कडक तितक्या जास्त सुया वळतात, आणि आलेख चढासारखा वर जातो. फ्रस्ट्रेट चुंबकात तसं होत नाही. त्रिकोणी जाळीत एका टप्प्यावर दोन सुया वर आणि एक खाली, अशी मांडणी पक्की बसते. एक वजा झाली, म्हणून चुंबकत्व कमाल मर्यादेच्या बरोबर एक तृतीयांश. मग क्षेत्र आणखी वाढवा, काही काळ काहीच बदलत नाही. आलेखाला पठार येतं. आपल्या सह्याद्रीत घाट चढून गेल्यावर गाडी अचानक सपाटीला लागते, तसं. पठार संपलं की पुन्हा चढ.

मजुमदार-घोष साखळीतही क्षेत्र लावल्याबरोबर काही होत नाही. प्रत्येक जोडी तोडायची एक किमान किंमत असते. क्षेत्र तितकं होईपर्यंत साखळी शून्यावर बसून राहते.

या गोष्टीचा सगळ्यात सुंदर नमुना सापडायला तीस वर्षं लागली. श्रीराम शास्त्री यांनी टीआयएफआरमध्येच पीएच.डी. केली होती. १९८१ मध्ये त्यांनी अमेरिकेत बिल सदरलँड यांच्याबरोबर एक नवी जाळी मांडली. मजुमदार-घोष यांची साखळी एका ओळीची होती. शास्त्री-सदरलँड यांची जाळी पृष्ठभागावर पसरलेली होती, पण तिचंही अचूक उत्तर जोड्यांचंच होतं. ही जाळी निव्वळ कागदी होती. असा पदार्थ जगात कुठे आहे का, हे कुणालाच माहीत नव्हतं.

१९९९ मध्ये जपानमध्ये कागेयामा आणि सहकाऱ्यांनी स्ट्रॉन्शियम, तांबं, बोरॉन आणि ऑक्सिजन असलेला एक स्फटिक तपासला. त्यातले तांब्याचे अणू नेमके शास्त्री-सदरलँड जाळीत बसलेले निघाले. अठरा वर्षांपूर्वी कागदावर काढलेली आकृती स्फटिकात सापडली. त्याच्यावर प्रचंड क्षेत्र लावलं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आपल्याकडे ५० मायक्रोटेस्लाच्या आत आहे, हॉस्पिटलच्या एमआरआयचं साधारण दीड ते तीन टेस्ला. इथे वीस-तीस टेस्लांच्या वर जावं लागलं. आलेखाला पठारं आली, एक अष्टमांशाला आणि एक चतुर्थांशाला. पुढे आणखी क्षेत्र वाढवल्यावर एक तृतीयांशालाही.

पठारावर आत काय चाललेलं असतं, हे मला सगळ्यात आवडलं. क्षेत्रामुळे काही जोड्या तुटतात. तुटलेल्या जोड्यांना एकमेकींजवळ राहायचं नसतं, आणि या जाळीत त्यांना इकडेतिकडे फिरताही फारसं येत नाही. म्हणून त्या ठरावीक अंतर राखून एका नक्षीत बसतात. आठांत एक, चारांत एक. ती नक्षी मोडायची तर मोठी किंमत द्यावी लागते, म्हणून आलेख हलत नाही. क्षेत्राशिवाय जो पदार्थ चुंबक म्हणून गप्प होता, त्याने बाहेरचा जोर आल्यावर स्वतःची मांडणी करून दाखवली.

रविवारी रात्री

शनिवारी आलो होतो बहिणीला समजवायला. रविवारी रात्री मी तिच्यासमोर लॅपटॉप उघडून बसलो होतो. आठ अणूंची गोल साखळी, पायथनच्या तीसेक ओळी. दूरच्या शेजाऱ्याचा जोर निम्मा. सिद्धांत सांगतो, एका अणूमागे ऊर्जा उणे तीन अष्टमांश, म्हणजे आठ अणूंची बरोबर उणे तीन. रन केलं. उणे ३.०००००. आणि खालच्या ओळीत पुन्हा तोच आकडा. दोन उत्तरं.

"दोनदा का आलं? तुझा बग असंल," ती म्हणाली.

मी तिला जोड्यांचं सांगितलं. तिने वही घेतली, आठ टिंबं गोलात काढली, आधी एका पद्धतीने जोड्या लावल्या, मग दुसऱ्या. मग म्हणाली, "नऊ टिंबं घेतली तर?"

नऊ घेतली तर एक एकटा उरतो, आणि तो कुठेही उरू शकतो. हे उत्तर मला तेव्हा आलं नाही. तिने वहीत करून दाखवलं.

अण्णा बाजूला बसून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "हे सगळं खरं, पण याचा उपयोग काय?"

हा प्रश्न मला टाळायचा नाही, कारण काकांचाही तोच प्रश्न आहे आणि तो पैशाचा आहे. एका पोरीची पाच वर्षं, हॉस्टेलचं भाडं, उसाचं बिल वेळेवर येईल की नाही याची खात्री नाही, त्याचा आहे. ऑफिसमध्ये मी कोणत्याही फीचरसाठी हाच प्रश्न विचारतो. माझ्याकडे प्रामाणिक उत्तर दोनच आहेत. पहिलं, रेडिओची सळई आधी आली आणि तिच्यातले कोन नंतर दिसले. उपयोग नेहमी शोधाच्या मागूनच येतो असं नाही, कधी तो पुढे चालत असतो आणि समज त्याला मागून गाठते. दुसरं, शास्त्री-सदरलँड जाळीला आपला स्फटिक भेटायला अठरा वर्षं लागली. त्या अठरा वर्षांत कुणी उपयोग विचारला असता तर त्यांच्याकडेही सांगायला काही नव्हतं. पगाराची खात्री मी तिला देऊ शकत नाही. इंजिनिअरिंग करून मिळते अशीही आता देता येत नाही, माझ्या टीममध्ये गेल्या वर्षी काय झालं ते घरात सगळ्यांना माहीत आहे.

एक गोष्ट मात्र मी काकांना सांगितली. मला वाटायचं हे सगळं बाहेरच्या देशात होतं, आपण फक्त पुस्तकात वाचायचं. ते इथे झालेलं आहे, मुंबईत, आपल्याच राज्यात. सायरस २०१० च्या डिसेंबरमध्ये कायमची बंद झाली, पण १९८५ मध्ये सुरू झालेली ध्रुव चालू आहे आणि तिच्या न्यूट्रॉनवर देशभरच्या विद्यापीठांतली पोरं येऊन प्रयोग करतात. त्यांच्यात आपली एक असली तर काय बिघडलं?

काका म्हणाले, "तुला समजवायला बोलावलं होतं, तू उलटाच फिरलास."

खरं होतं. शेवटी तिने दोन्ही फॉर्म भरले. इंजिनिअरिंगचा काकांसाठी, बीएस्सीचा स्वतःसाठी. बीएस्सीची यादी आधी लागली आणि तिने प्रवेश घेतला. काका माझ्याशी अजून मोजकंच बोलतात. त्या दोघांत आणि माझ्यात सध्या जे काही आहे त्याला मी मनातल्या मनात १२० अंश म्हणतो.

सळईचे दोन तुकडे मी फेविक्विकने चिकटवले. तार पुन्हा गुंडाळली, दोन टोकं झाळली, नवे सेल टाकले. स्टेशन लागलं, थोडं खरखरत. अण्णांनी सवयीने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, आणि बातम्या संपेपर्यंत घरात कुणी बोललं नाही.